घरचा किराणा आणि आठवड्याचा बेत: आयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या आया पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने घडी बसवणाऱ्यांसाठी आहेत, पुढचे अडनिड्या प्रसंगांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालतं. एखादा तपशील दुसरीकडे आला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज संध्याकाळी 'आज काय करू?' इथेच गाडी अडते. आठवड्याचा बेत आखायला सुरुवात कुठून करायची?

पदार्थांपासून तर अजिबात नको. बहुतेक जणी कागद घेऊन आधी सात पदार्थ लिहितात आणि बुधवारपर्यंत तो कागद निकामी होतो, कारण लिहिताना वेळ धरलेला नसतो. आधी आठवडा लिहा. कोणत्या संध्याकाळी कोण घरी आहे, कुणाचा क्लास उशिरा सुटतो, कोणत्या दिवशी चप्पल काढल्यापासून ताटं वाढेपर्यंत जेमतेम अर्धा तास असतो. प्रत्येक वारापुढे मिनिटं टाका: २०, ४५, ९०.

मग फ्रीज उघडा. अर्धा कोबी, उघडलेलं दही, मऊ पडायला लागलेले टोमॅटो अशा दोन-तीन दिवसांत संपवायलाच हव्यात त्या वस्तू कागदाच्या कडेला लिहा. पदार्थांची पाळी आता येते, आणि निम्मे पदार्थ त्या कडेच्या यादीतूनच सुचतात. २० मिनिटांच्या दिवशी एका भांड्यात होणारं किंवा आधीच शिजवलेलं काहीतरी, ९० मिनिटांच्या दिवशी वेळखाऊ पदार्थ, आणि तोही दुप्पट, म्हणजे एक वेळ पुढे निघते.

सातपैकी पाचच संध्याकाळी भरा. एक उरलंसुरलं संपवायला ठेवा आणि एक कोरी. कोरी संध्याकाळ हा आळस नव्हे. पाहुणे, उशीर, 'आज नको गं' हे सगळं त्या जागेत मावतं. पहिले दोन-तीन आठवडे या कामाला पाऊण तास लागतो, पुढे वीस मिनिटांत होतं.

२. बेत आखते, पण तो पाळलाच जात नाही. मंगळवारचं शुक्रवारी होतं. काय चुकतंय?

काही चुकत नाही. पदार्थाला वाराशी बांधू नका, टिकाऊपणाशी बांधा. बाजार झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, ताजे मासे किंवा मांस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुलकोबी, शेंगा, वांगी, ढोबळी मिरची. शेवटी गाजर, कोबी, बटाटे, भोपळा, कडधान्यं, अंडी. एवढा क्रम पाळला की दोन पदार्थांची अदलाबदल झाली तरी काही सडत नाही. पाच पदार्थ एकाखाली एक लिहा आणि जो झाला त्यावर काट मारा.

एक खूण लक्षात ठेवा. तोच पदार्थ सलग तीन आठवडे पुढे ढकलला जात असेल तर तो तुमच्या घरच्या वेळेत बसत नाही. यादीतून काढून टाका, कितीही पौष्टिक असला तरी.

३. यादी नेतेच, तरी काहीतरी राहतं आणि नको ते येतं. यादी लिहायची तरी कशी?

एक नाही, दोन याद्या हव्यात. पहिली कायमची: घरात कधीच संपू नयेत अशा २५-३० वस्तू, म्हणजे धान्य, डाळी, तेल, मीठ, साखर, चहा-कॉफी, साबण वगैरे. ही एकदाच नीट लिहून तिच्या प्रती काढा किंवा फोनमध्ये ठेवा. दर वेळी फक्त हव्या त्यावर खूण करायची. दुसरी त्या आठवड्याची, बेतातून निघालेली.

कायमच्या यादीचा नियम: वस्तू संपल्यावर नव्हे, शेवटचं पाकीट फोडताना खूण करायची. डबा रिकामा झाल्यावर लिहायचं ठरवलं तर त्या क्षणी हात पिठाचे असतात आणि लिहायचं राहून जातं. पेन्सिल दोऱ्याने फ्रीजच्या दाराला बांधून ठेवा. उपाय हास्यास्पद वाटतो, पण पेन शोधायला लागलं की कुणीच लिहीत नाही.

आठवड्याच्या यादीत वस्तूपुढे वजन आणि कारण दोन्ही लिहा. नुसतं 'टोमॅटो' नको. 'टोमॅटो ७५० ग्रॅम, सूप आणि बुधवारचा डबा' असं हवं. म्हणजे टोमॅटो चांगले नसले तर दुसरं काय घ्यायचं ते उभ्या उभ्या ठरवता येतं, आणि यादी घेऊन दुसरं कुणी गेलं तरी फोन येत नाही. शेवटी दुकानातल्या फिरण्याच्या क्रमाने यादी लावा: जड आणि कोरडं आधी, भाजी-फळं मग, दूध, गोठवलेलं आणि मांस-मासे अगदी शेवटी, म्हणजे ते कमीत कमी वेळ उष्ण राहतात.

४. माणशी किती आणायचं? कधी उरतं, कधी पुरत नाही.

सुरुवातीला हे आकडे धरा. मोठ्या माणसाला एका जेवणात भात मुख्य असेल तर कच्चा तांदूळ ६० ते ८० ग्रॅम. शिजून तो वजनाने अडीच ते तीनपट होतो. डाळ किंवा कडधान्य जेवणातली मुख्य प्रथिनं म्हणून असेल तर कोरडं ४० ते ५० ग्रॅम, शिजून सव्वादोन ते अडीचपट. प्राथमिक शाळेतल्या मुलाला साधारण याच्या अर्ध्यापासून पाऊणपर्यंत. वाढत्या वयाचा, खेळणारा मुलगा किंवा मुलगी मोठ्यांपेक्षा जास्त खाते, तेव्हा 'लहान आहे' म्हणून कमी धरू नका.

भाजी-फळांचा हिशोब मात्र बहुतेक याद्यांमध्ये साफ चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रोज किमान एवढी भाजी आणि फळं मिळून खावीत: १० वर्षांपुढच्यांनी ४०० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी ३५० आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांनी २५०. बटाटा, रताळी असे पिठूळ कंद यात धरत नाहीत. आई, बाबा, आठ वर्षांचं एक आणि चार वर्षांचं एक मूल अशा घराचा हिशोब करू: ४०० अधिक ४०० अधिक ३५० अधिक २५०, म्हणजे दिवसाला १४०० ग्रॅम. आठवड्याला ९ किलो ८०० ग्रॅम, तेही खाण्याजोगं. साली, देठ, बिया वेगळ्या. केळ्याच्या वजनात जवळपास तिसरा हिस्सा सालीचाच असतो. आता मागच्या आठवड्याची पिशवी आठवून पाहा. एकदम तिथवर जायची गरज नाही, दर आठवड्याला एक किलो वाढवत न्या. नाहीतर न खाल्लेली भाजीच जास्त होईल.

खरे आकडे तुमच्याच घरात आहेत. दोन आठवडे स्वयंपाकाआधी तांदूळ आणि डाळ वजन करून घ्या, उरलं तर किती ते पाहा, आणि जमलेला आकडा त्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. 'चौघांना ही वाटी दीड' एवढं लिहिलेलं असलं की भात कुणीही लावू शकतो.

५. आठवड्यातून एकदाच बाजार करावा की लागेल तसा?

एक मोठी फेरी आणि मधे एक छोटी, हे बहुतेक घरांना जमतं. मोठ्या फेरीत कोरडं सामान आणि टिकाऊ भाजी. मधल्या फेरीत फक्त दूध, पालेभाजी, फळं. छोट्या फेरीला टोपली घ्या, ढकलगाडी नको. जागा दिसली की ती भरली जाते. रोज जाण्यात भाजी ताजी मिळते हे खरं, पण प्रत्येक फेरीत यादीबाहेरची एखादी वस्तू येतेच. घरात फ्रीज नसेल किंवा फारच लहान असेल तर मात्र एक दिवसाआडच बरं.

६. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं ना?

बरेचदा, पण नेहमी नाही. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १००० केलं की किलोचा भाव निघतो. सवलतीच्या पाट्यांकडे न बघता हा एकच आकडा ताडून बघा. डबाबंद पदार्थांत पाण्यासकट वजन आणि निथळून वजन वेगळं असतं. भागायचं ते निथळलेल्या वजनाने.

दुसरा हिशोब वाया जाण्याचा. समजा पाच किलोचं पाकीट किलोमागे २० टक्के स्वस्त आहे. त्यातला एक किलो खराब झाला तर तुम्ही चार किलोच खाल्लं आणि पैसे चार किलोच्या मूळ भावाएवढेच गेले. फायदा शून्य, वर जागा अडली ती वेगळीच. म्हणून पाकीट फोडल्याची तारीख त्यावर लिहा आणि संपायला किती आठवडे लागले ते एकदा मोजा. मीठ, साखर, पॉलिश केलेला तांदूळ, डाळी मोठ्या घ्यायला हरकत नाही. दळलेले मसाले (वास उडतो), सुकामेवा, तेलबिया आणि कोंड्यासकट पीठ (तेलकट, खवट होतं) लहानच घ्या.

७. खर्च कमी करायचा आहे. आधी कशाला हात लावू?

कचऱ्याच्या डब्याला. दोन आठवडे जे जे टाकलं ते एका कागदावर लिहा: काय, किती, का. 'पालक, अर्धी जुडी, विसरले' असं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याच तीन-चार वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. त्या निम्म्या आणा किंवा बेतात पुढे ओढा. या कपातीत कुणाच्या ताटातलं काहीच कमी होत नाही, म्हणून ती पहिली.

त्यानंतर पेयं आणि मधल्या वेळचं पाकीटबंद खाणं. मग चिरलेलं, सोललेलं, मसाला लावलेलं असं तयार सामान. पण तुमचा २० मिनिटांचा दिवस अशा एखाद्या वस्तूवरच निभत असेल तर ती राहू द्या, नाहीतर त्या दिवशी बाहेरून मागवाल आणि ते जास्त महाग पडेल. भाजी, फळं, डाळी, अंडी, दूध यांना सगळ्यात शेवटी हात लावा. उलट क्रमाने कपात करणारी घरं पुष्कळ असतात.

८. पाकिटावरची तारीख उलटली की टाकूनच द्यायचं का?

तारखा दोन प्रकारच्या असतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम राहील. पाकीट बंद असेल आणि नीट ठेवलं असेल तर कोरडे पदार्थ त्यानंतरही खाता येतात. वास, रंग, बुरशी, किडे पाहून ठरवा. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची तारीख, नाशवंत वस्तूंवर असते. ती उलटली की वास चांगला असला तरी खाऊ नका, कारण आजारी पाडणारे जंतू वास देतातच असं नाही. बाळाच्या पावडरच्या दुधाला तर कोणतीच सूट नाही.

दोन्ही तारखा न उघडलेल्या पाकिटाच्या आहेत. उघडल्यावर 'इतक्या दिवसांत वापरा' ही बारीक ओळ लागू होते. वापरलं जाणार नाही असं दिसलं तर 'यूज बाय'च्या आधीच फ्रीझरमध्ये टाका (प्रश्न १०).

९. भाजी आणते आणि चौथ्या दिवशी लिबलिबीत होते. फ्रीजमध्ये काय कुठे ठेवायचं?

आधी फ्रीज पुरेसा गार आहे का ते बघा. मधल्या फळीवर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसायला हवं, ५ च्या वर नको. फ्रीझर उणे १८. दारावरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत, ती गार करण्याची ताकद आहे.

दाराची जागा सगळ्यात उबदार, कारण ती सतत उघडली जाते. तिथे सॉस, लोणची, मुरंबे. दूध आणि अंडी आत. कच्चं मांस-मासे नेहमी तळाच्या फळीवर, खोलगट भांड्यात झाकून. वर ठेवलं तर पाणी गळून खालच्या तयार अन्नात जातं.

लिबलिबीत होण्याची कारणं बहुधा दोन. पहिलं ओल. पालेभाजी धुऊन ओलीच पिशवीत कोंबली की देठापासून सडते. निवडा, धुवायची असेल तर फडक्यावर पूर्ण कोरडी करा, कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. कापड दमट लागलं की बदला. दुसरं कारण शेजारी. सफरचंद, पिकलेली केळी, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याने पालेभाज्या पिवळ्या पडतात, ब्रोकोलीही पिवळी होते आणि गाजर कडवट लागतं. फळांचा आणि भाज्यांचा कप्पा म्हणून वेगळा हवा.

बटाटे फ्रीजबाहेर, अंधाऱ्या, हवेशीर जागी. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते लवकर काळपटतात. उजेडात ते हिरवे पडतात. थोडा हिरवेपणा असेल तर तो भाग खोल कापून काढा, बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर टाकून द्या. कांदेही बाहेर, पण बटाट्यांपासून लांब. एकत्र ठेवले तर ओलीने दोन्ही बिघडतात.

आणि एक फळी, डोळ्यांच्या उंचीवरची, 'आधी हे' म्हणून मोकळी ठेवा. संपवायचं ते सगळं तिथे. घरात भूक लागली की हात आधी तिथेच जातो.

१०. शिजवून ठेवलेलं किती दिवस चालतं? फ्रीझरमध्ये किती?

शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. हवा फार तापलेली असेल, ३२ अंशांच्या वर, तर तासाभरात. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ डब्यांत काढा, थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको, वाफ ओसरली की आत. पूर्ण गार व्हायची वाट बघत ओट्यावर विसरण्यापेक्षा किंचित कोमट ठेवलेलं बरं.

४ अंशांवर शिजवलेलं अन्न तीन, फार तर चार दिवस. भाताचं वेगळं: त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात उबेत राहिला तर त्यातून विष तयार होतं, जे पुन्हा गरम करून जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. गरम करताना कडेकडेने नव्हे, मधोमध वाफ आली पाहिजे. एकदाच, आणि लागेल तेवढंच.

फ्रीझरमध्ये चव दोन-तीन महिने चांगली राहते. उणे १८ ला जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. म्हणून वितळवणं ओट्यावर नको, आदल्या रात्री फ्रीजमध्ये. डब्यावर नाव, तारीख आणि किती जणांचं ते लिहा. गोठलेली आमटी आणि गोठलेली ग्रेव्ही एकसारखीच दिसते.

११. सुट्टीच्या दिवशी सगळं करून ठेवायचं म्हटलं तर तो दिवसच जातो. किती तयारी पुरे?

दीड तास. पूर्ण पदार्थ करू नका, सुटे भाग करा: एक कडधान्य दुप्पट शिजवून, अंडी उकडून, एक वाटण किंवा सॉस, दोन भाज्या चिरून. यातून तीन वेगळी जेवणं होतात आणि 'पुन्हा तेच?' ऐकावं लागत नाही.

गाजर, कोबी, फरसबी, कांदा चिरून झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस राहतात. बटाटा पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये एक दिवस. काकडी, टोमॅटो आधी चिरू नका, पाणी सुटतं. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती मोडा: तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू विष तयार करू शकतो. फ्रीजमध्येही चारच दिवस, नाहीतर लहान वड्या करून गोठवा.

१२. मूल चारच पदार्थ खातं. त्याच्यासाठी रोज वेगळा स्वयंपाक करते. किती दिवस करायचा?

वेगळा स्वयंपाक बंद करा, पण त्याचं ताट रिकामं राहू नये याची तजवीज करून. जेवण एकच, पण सुटं वाढता येईल असं: भात एका वाटीत, भाजी दुसरीत, तिखट वरून. प्रत्येक जेवणात त्याला हमखास आवडणारी एक गोष्ट असू द्या, मग ते साधं दही का असेना. काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलाने.

नवी भाजी पहिल्या घासाला नाकारणं अगदी स्वाभाविक आहे. आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळा, पुढ्यात यावी लागते. म्हणून नवं काही आणताना किलो आणू नका, एक आणा. पुढ्यात ठेवायचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. 'हे संपव, मग गोड देते' या सौद्यात भाजी शिक्षा ठरते आणि गोड बक्षीस. वजन घटत असेल, पोत किंवा वासामुळे ओकारी येत असेल, खाण्यातले पदार्थ आणखी कमी होत चालले असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

१३. मुलांना दुकानात न्यावं का?

वेळ असेल तेव्हा न्या, घाईत नको. पोट भरलेलं असावं आणि हातात एक ठरावीक काम असावं: 'सहा सफरचंदं निवड, डाग नसलेली.' निवड दिलीच तर दोनांतून. 'काय हवं ते घे' म्हटलंत की भांडण तुम्हीच मागवलंत.

१४. लेबलवर नक्की काय वाचायचं? वेळ कुणाला असतो?

तीन गोष्टी, अर्ध्या मिनिटात. एक, घटकांची यादी: ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिल्या तिघांत साखर किंवा तेल असेल तर त्या पदार्थात ते बरंच आहे. साखर ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, फळांचा अर्क अशा नावांनीही येते. दोन, आकडे दर १०० ग्रॅमचे ताडा, 'एका सर्व्हिंगचे' नव्हे. सर्व्हिंग किती ते कंपनीच ठरवते. तीन, सोडियम: त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरसुद्धा नाही, आणि मुलांना त्याहून कमी.

नव्या वस्तूचंच लेबल वाचा, रोजच्या वस्तूंचं एकदा वाचून निर्णय घेऊन टाका. ॲलर्जी असेल तर ही सवलत नाही (प्रश्न १६).

१५. सगळं माझ्याच डोक्यात असतं. घरातले म्हणतात, 'तू सांग, काय आणू?' हे कसं वाटून द्यायचं?

'सांग, आणतो' यात आणणं वाटलं जातं. लक्ष ठेवणं, आठवणं आणि ठरवणं तुमच्याकडेच राहतं, आणि दमणूक असते ती तिथे. काम वाटू नका, खातं वाटा. उदाहरणार्थ दूध, दही, अंडी आणि फळं हे खातं नवऱ्याचं: किती उरलंय ते बघणं, यादीत लिहिणं, आणणं, पुसून जागेवर ठेवणं, जुनं पुढे ओढणं, सगळं. दूध संपलं तर ते त्याच्या खात्यात संपलं. पहिल्या महिन्यात एक-दोनदा संपेल. तेव्हा मधे पडून आणून दिलंत तर खातं परत तुमच्याकडे आलं.

बाराएक वर्षांच्या मुलाकडे डब्याचं सामान देता येतं. बदल्यात तुम्हाला एक गोष्ट सोडावी लागेल: तुमचीच कंपनी, तुमच्याच आकाराचे टोमॅटो. ठरलेल्या वजनात आणि ठरलेल्या खर्चात आलं तर टोकू नका.

बेताचा कागद फ्रीजवर असा लिहा की तो वाचून दुसऱ्याला स्वयंपाक करता यावा. 'राजमा' एवढं पुरेसं नाही; 'राजमा, खालच्या फळीवर निळा डबा, शिजवलेला; भात दीड वाटी' असं. पारख सोपी आहे: तुम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलात आणि फोन आला नाही, म्हणजे जमलं.

१६. मुलाला ॲलर्जी आहे. नेहमीचं पाकीटही दर वेळी तपासायचं का?

हो, दर वेळी. कंपन्या कृती आणि कारखाने न सांगता बदलतात, आणि एकाच नावाच्या मोठ्या-लहान पाकिटांतले घटकही वेगळे असू शकतात. 'अंश असू शकतो' ही ओळ गंभीर ॲलर्जीत गृहीत धरायची आणि वस्तू परत ठेवायची. सुट्ट्या पिंपांतून घेऊ नका. एकच डाव सगळ्या पिंपांतून फिरतो. घरी त्या मुलाच्या वस्तू वरच्या फळीवर, म्हणजे वरून काही सांडणार नाही. जॅम-लोण्याची बरणी वेगळी, कारण धोका बरणीपेक्षा चमच्यात असतो. ऑनलाइन मागवताना 'नसेल तर दुसरं पाठवा' हा पर्याय बंद करा.

१७. घरात बाळ आहे. सगळ्यांच्याच जेवणातलं त्याला दिलं तर?

सहा महिन्यांनंतर बरंचसं देता येतं. मीठ, साखर आणि तिखट घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढा. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवण्यापुरताही नाही, बोट्युलिझमचा धोका असतो. गाईचं दूध पिण्याचं मुख्य दूध म्हणून वर्षानंतर. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम देऊ नका, कुटून द्या. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे.

१८. स्लो कुकर घेतलाय. रात्री राजमा टाकून सकाळी तयार मिळेल ना?

कच्चा राजमा थेट टाकू नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या एका विषारी प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि स्लो कुकरच्या कमी उष्णतेवर ते नष्ट होत नाही, उलट अर्धकच्चा राजमा जास्त त्रासदायक ठरतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग स्लो कुकरमध्ये घाला. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे लागत नाही.

१९. तांदळात किडे होतात. झाकण तर घट्ट असतं.

अंडी बरेचदा पाकिटातूनच येतात. नवं धान्य, पीठ घट्ट पिशवीत उणे १८ ला चार दिवस ठेवा, बाहेर काढून पिशवी न उघडता घरच्या तापमानाला येऊ द्या (नाहीतर आत पाणी सुटतं), मग डब्यात. जुन्यावर नवं ओतणं ही खरी चूक. तळाचं वर्षभर तळालाच राहतं. डबा रिकामा करा, पुसा, कोरडा करा, मग भरा.

२०. रात्रभर वीज गेली होती. काय ठेवू, काय टाकू?

दार बंद ठेवलं असेल तर फ्रीज साधारण ४ तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४. चार तासांपुढे मांस, मासे, दूध, शिजवलेलं अन्न, चिरलेली फळं टाकून द्या. अख्ख्या भाज्या, लोणी, मुरंबे, लोणची राहू द्या. फ्रीझरमधल्या ज्या वस्तूत अजून बर्फाचे कण आहेत ती पुन्हा गोठवता येते, पोत थोडा बिघडेल. चाखून ठरवू नका.

तुम्ही घरी नसताना वीज गेली का ते कळायला फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी गोठवा आणि बर्फावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, तेव्हा फ्रीझर रिकामा करा.